पायाळूची पाठ

मी आईच्या पोटातून पाय पुढे करून आलो. चारचौघं डोकं पुढे करून येतात. मी आलो तो जगाला आधी लाथ दाखवत. सुईणीने माझा डावा पाय धरून ओढला आणि त्याच क्षणी तिच्या स्वतःच्या कमरेत भरलेली जुनी उसण खटकन निघाली. ती बाळंतिणीच्या खोलीतच फुगडी घालायला लागली. आईच्या सांगण्यात सुईण दमून भिंतीला टेकून बसली, एवढंच होतं. फुगडी मी नंतर घातली. पण फुगडीशिवाय ती गोष्ट उभीच राहत नाही, त्याला माझा काय इलाज?

असा पायांकडून जन्मलेला माणूस म्हणजे पायाळू. आमच्याकडे पाठीत उसण भरली, चमक निघाली, कमर धरली, की लोक वैद्याच्या आधी पायाळू शोधतात. रीत सोपी आहे. दुखणेकऱ्याने काही न बोलता यायचं, पायाळूकडे पाठ करून उभं राहायचं. पायाळूने डाव्या पायाने दुखऱ्या जागी हलकीशी लाथ मारायची. दुखणेकऱ्याने मागे वळून न बघता चालू लागायचं. आभार मानायचे नाहीत, नाहीतर गुण जातो.

आणि सोलापूर म्हणजे तेव्हा पाठींचं गाव. गिरणीत उभ्याने झिजलेली पाठ, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून वाकलेली विणकराची पाठ, मालधक्क्यावर पोत्याखाली दबलेली हमालाची पाठ. सकाळचा भोंगा झाला, की नव्या पेठेतल्या आमच्या कापडाच्या दुकानापुढे ओट्यावर पाठी उभ्या. चेहरे कोणी बघितलेत? मी सोलापूर पाठीवरून ओळखत होतो. आमचे थोरले भाऊ गादीवर बसून कापड मोजायचे आणि मी ओट्यावर लाथा वाटायचो. लाथ खाल्लेला माणूस बरं वाटल्याच्या भरात धोतरजोडी घेऊन जायचा, म्हणून भाऊही काही बोलत नसत.

साहेबाच्या घोड्याची गोष्ट तर सगळ्या पेठेला पाठ होती. एका गोऱ्या साहेबाचा घोडा पाठ धरून बसला. विलायती डॉक्टर थकले. मग मला बोलावणं आलं. मी नुसती चप्पल काढली, तेवढ्यावर घोडा उभा राहिला; लाथ बसली तेव्हा तर असा सुटला की बार्शीच्या बाजारात लोकांनी धरला, तोही दमला म्हणून नव्हे, भूक लागली म्हणून थांबला होता. ही गोष्ट मी दर वेळी थोडी पुढे नेत असे. शेवटी शेवटी घोडा लातूरपर्यंत पोचला होता.

बायको अक्कलकोटकडची. मराठी बोलता बोलता राग आला की कानडीत शिरायची. माझ्या गोष्टी सुरू झाल्या की स्वयंपाकघरातून एकच आवाज यायचा, "सुम्न इर्री!" म्हणजे गप बसा. आणि पायाबद्दल तिचं मत असं, की "त्यो पाय लई मोटा हाय, सगळ्या गावाची पाठ बरी करतोय. फकस्त पाणी भराया आडाकडं वळत न्हाई."

तर अशा या माझ्या पाठीत एके दिवशी कळ आली.

कापडाचा गठ्ठा उचलायला वाकलो आणि पाठीच्या मधोमध कुणी खिळा ठोकला असं वाटलं. उसणच, दुसरं काय? उसणीची सारी कुळी मला ठाऊक. पण अडचण अशी, की पायाळूचा पाय त्याच्या स्वतःच्या पाठीला पोचत नाही. मी प्रयत्न केला नाही असं समजू नका. खाटेवर उताणा, पालथा, भिंतीला टेकून, सगळं केलं. एकदा बायकोने दार उघडलं तर मी जात्याला पाय अडकवून मागे वाकत होतो. ती दार लावून गेली.

कळ जात नव्हती. संध्याकाळी अंग मोडून यायचं, बारीक ताप यायचा. अंगरखा ढगळ व्हायला लागला. भाऊ म्हणाले, कापड आटण्याऐवजी माणूस आटतोय हा काय प्रकार? मी म्हटलं, उन्हाळा आहे. अंघोळीला पाठ चोळताना बायकोचा हात एका जागी थांबला.

"हितं काय हो? गाठ लागतीया."

"हाड आहे ते. माणसाला असतं."

"मला ठावं हाय हाड असतंय. ह्ये वर आलंय. बाकीची आत हायती, ह्येच तेवडं वर."

मी तिला म्हटलं, पायाळूचा मणका आहे, मान वर करून जगाकडे बघतोय. ती हसली नाही.

दुसरा पायाळू शोधणं भाग होतं, आणि माझ्या तोडीचा पायाळू शहरात एकच होता: विणकरांच्या आळीतली एक तेलुगू म्हातारी. तिची आणि माझी जुनी चुरस. माझ्या पायाला ती 'मारवाडी लाथ' म्हणायची, दुकानदारीची म्हणून. तिच्या पायाला मी काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिच्या दारात पाठ करून उभं राहणं म्हणजे माझं नाक कापून तिच्या सुपात ठेवणं. पण कळ अशी होती की नाक काय, मी कानही दिले असते.

म्हातारी मागाच्या खड्ड्यातून वर आली. कोण उभं आहे ते पाठीवरून तिनेही ओळखलं. हलकीशी लाथ मारायची ही रीत, पण इतक्या वर्षांची चुरस तिच्या पायात उतरली असावी. मी ओट्यावरून खाली, तोंडावर. खाली बांधलेली बकरी दावं तोडून पळाली. मागे वळून बघायचं नसतं, म्हणून मी पडल्या पडल्या पुढेच बघत राहिलो. मागून आवाज आला, "गेली बघ उसण!"

गेली नाही. उलट पाठीत आता खिळ्याच्या जागी पहार होती. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी नव्या पेठेतून चाललो असताना मागून एक तांबटाच्या दुकानातला माणूस ओरडला, "अहो, चप्पल राहिली की मागं!"

मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. डांबरासारखी तापलेली फरशी पायाखाली होती आणि पायाला त्याचा पत्ता नव्हता. मी हसून म्हटलं, पाय आता अनवाणी फिरायचं म्हणतोय. दुकानात पोचेपर्यंत गुडघे लटपटायला लागले होते. ओट्याची पायरी चढायला मला भावांचा खांदा लागला.

त्याच दुपारी बायकोने टांगा बोलावला. मला विचारलंही नाही.

डॉक्टर बारीक अंगाचे, कमी बोलणारे. माझी गोष्ट सुरू होताच ते म्हणाले, "ते नंतर. आधी सदरा काढा." मग त्यांनी खिशातून एक आणा काढला आणि फरशीवर टाकला.

"उचला."

मला वाटलं हा काय चमत्कारिक माणूस. कमरेत वाकायला गेलो तर कमर नव्हतीच, पाठीच्या जागी लाकडी फळी. शेवटी पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांत बसून, मांडीवर हात टेकत टेकत मी तो आणा उचलला. सर्कशीतलं अस्वल मोदक उचलतं तसा. डॉक्टरांनी बायकोकडे बघितलं, माझ्याकडे नाही. मग त्यांनी बोटाच्या पेराने माझ्या पाठीचा एकेक मणका ठोकायला सुरुवात केली, सुतार फळी ठोकून बघतो तशी. त्या वर आलेल्या हाडावर पेर पडलं, तेव्हा मी असा ओरडलो की बाहेर टांग्याचा घोडा दोन पावलं मागे सरला. ही गोष्ट टांगेवाल्याला विचारून घ्या, मी वाढवलेली नाही.

मग मला पालथं झोपवलं, पुन्हा उताणं, आणि म्हणाले, "डोळे मिटा. पायाला सुई टोचली की सांगा."

मी डोळे मिटले. त्या अंधारात मला कळलं की मी काय पणाला लावून पडलोय. हा पाय म्हणजे मी होतो. ओटा, पाठी, पेठ, घोडा, सगळं या पायावर उभं होतं. मला वाटलं, मी हो म्हणत गेलो तर कदाचित होईल.

"टोचतंय!" मी म्हणालो.

डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"आत्ता पण टोचलं! चांगली तीक्ष्ण आहे हो सुई!"

"मी अजून सुई उचललेली नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर टांग्याच्या घोड्याने शेपूट हलवलं, तेही मला ऐकू आलं. बायकोने माझा हात धरला. बाहेरच्या माणसांसमोर तिने माझा हात धरल्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर डॉक्टरांनी खरंच सुई टोचली, इथे, तिथे, घोट्याला, बोटांना, तळव्याला, आणि मी गप्प पडून होतो. शेवटी सुईच्या मागच्या बोथट टोकाने त्यांनी तळव्यावर टाचेकडून बोटांकडे एक रेघ ओढली. मला रेघ जाणवली नाही, पण पायाचा अंगठा आपणहून वर उठला.

"बघा, उठला की!" बायको म्हणाली.

"उठायला नको होता," डॉक्टर म्हणाले. "चांगला पाय असता तर खाली गेला असता."

जन्मभर ज्या पायाला मी मिरवलं, तो त्या दिवशी उलटी साक्ष देत होता.

हाडांचा फोटो काढायचं यंत्र त्या दवाखान्यात नुकतंच आलेलं. काळी काच डॉक्टरांनी खिडकीशी धरली. मणक्यांची उतरंड मी पहिल्यांदाच बघत होतो. वरचे मणके चौकोनी, मध्ये फट, पुन्हा चौकोनी, पुन्हा फट. आणि मध्येच एका ठिकाणी फट नव्हती. दोन मणके एकमेकांत बसले होते, समोरून कुणी उंदराने कुरतडावेत तसे.

"मणक्याचा क्षय असावा," डॉक्टर म्हणाले. "दुसरंही काही असू शकतं, पण हे बघून माझा संशय पक्का होतोय. आत पू साठून मज्जारज्जूवर दाब आलाय. म्हणून पाय गेलेत. कोणी पाठीवर काही मारलं होतं का?"

मी म्हटलं, "ओट्यावरून पडलो." बायको म्हणाली, "लाथ मारली. ह्येंनीच मारून घेतली."

डॉक्टरांनी बराच वेळ काच हातात फिरवली. मग म्हणाले, लाथ नसती तरी रोग होताच. पण कुरतडलेल्या भिंतीला लाथ मारली की ती लवकर पडते. आता कोणाचाही पाय या पाठीला लागता कामा नये.

बायकोने विचारलं, "चालतील?"

"पायात जाणीव परत आली तर चालतील. ती आली नाही तर..." त्यांनी वाक्य तिथेच ठेवलं. "या रोगावर औषध नाही. हलायचं नाही, हेच औषध. ऊन, दूध, अंडी, माशाचं तेल आणि पडून राहणं. महिनोन्‌महिने. वर्षही लागेल. पायावर लक्ष ठेवा. काही कळायला लागलं की मला निरोप धाडा."

मला पालथं घालून पाठीवर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या थापल्या. आम्ही लिंगायत; गळ्यातलं लिंग काढा म्हणाले, तर आम्ही दोघंही एकदम "नाही" म्हणालो. मग बायको टेबलाशी उकिडवी बसली आणि दोरा माझ्या गळ्यातच ठेवून, प्लास्टर सुकेपर्यंत लिंग मुठीत धरून राहिली. तो पांढरा साचा वाळला की मला उलटवून त्यातच निजवलं. मानेपासून मांड्यांपर्यंत माझ्याच मापाची होडी. बाहेर राहिले ते हात, तोंड आणि मेलेले पाय.

घरी आणल्यावर पहिली भानगड माशाच्या तेलाची. आमच्या घरात कांद्यालाही जपून हात लागायचा. तिथे मासा म्हणजे आकाश पडलं. भाऊ ओसरीवर बसून म्हणाले, या उंबऱ्याच्या आत मासा येणार नाही. थोरल्या दिरासमोर लग्न झाल्यापासून आवाज न काढलेली माझी बायको दाराआडून बोलली, "बाटली धाब्यावर ऱ्हाईल. आन त्ये बी धाब्यावरच ऱ्हातील. घर बाटणार न्हाई."

आणि तशीच झाली व्यवस्था. वरच्या धाब्यावर पत्र्याची एक खोली होती. तिच्यापुढे माझी लोखंडी खाट, कोनाड्यात बाटली, मडक्यात अंडी. ते तेल प्यायल्यावर मला ढेकर यायचा तो असा की अख्ख्या पेठेतली मांजरं गच्चीच्या कठड्यावर येऊन बसायची. बायको नाकाला पदर लावून चमचा भरायची, मग आंघोळ करून खाली स्वयंपाकाला जायची. दिवसातून किती आंघोळी करायची ते तिलाच ठाऊक. आणि त्या आंघोळीचं पाणी, माझ्या पुसण्याचं पाणी, सगळं तीच डोक्यावरून जिन्याने वर आणत होती.

मी वर बघत होतो. माणूस उताणा बांधला की त्याला एकच गोष्ट बघता येते. सोलापूरचं आभाळ मी इतकं बघितलं की त्यातल्या घारी मला ओळखायला लागल्या. भोंगा व्हायचा, खाली पावलांची गर्दी जायची, आणि ओट्यावर पाठी येत नव्हत्या. कधी कधी कुणीतरी वर यायचं, "गोष्ट सांगा की," म्हणायचं. मी डोळे मिटून घ्यायचो.

एक उन्हाळा गेला, दिवाळी गेली. जांघेत एक सूज आली, दुखत नव्हती, गरम नव्हती. डॉक्टरांनी जाड सुई घालून तिच्यातून वाटीभर पू काढला, दह्याच्या निवळीसारखा. हा पाठीतला आहे, म्हणाले, तिथून ओघळत खाली आलाय. वाटी बघून मला वाटलं, माझे मणके विरघळून बाहेर येतायत. पायांत काही नाही. पुढच्या उन्हाळ्यात एकदा बायकोने माझ्या डाव्या टाचेवर हात ठेवला आणि किंचाळली. टाचेला लिंबाएवढा फोड आला होता. खाटेची लोखंडी दांडी दुपारच्या उन्हात तव्यासारखी तापलेली, त्यावर माझी टाच तासन्‌तास भाजत पडली होती आणि मी आभाळाकडे बघत होतो. ती फोडाला खोबरेल लावताना पुन्हा पुन्हा म्हणत होती, मी बगाया पायजे होतं, मी बगाया पायजे होतं. मी म्हटलं, "राहू दे. ज्याचा पाय आहे त्यालाच कळलं नाही."

आणखी वाईट होतं ते आशेचं. कधी तरी मला वाटायचं, काही तरी जाणवलं! मी ओरडायचो, ती धावत यायची. मग तीच डॉक्टरांसारखी माझे डोळे पदराने झाकायची आणि म्हणायची, "कुटं हाय माजं बोट?" मी सांगायचो टाचेला. बोट गुडघ्याशी असायचं, किंवा कुठेच नसायचं. तिने पदर काढला की मी तिच्या तोंडाकडे बघत नसे. असं कितीदा झालं. शेवटी मी ओरडणं सोडलं.

म्हातारीही एकदा आली. जिना चढताना तिचा दम खाली मुक्कामाला राहिला होता. खाटेशी येऊन तिने कपाळावर हात मारला, "अय्यो, देवुडा!" मला वाटलं रडेल. तिने पाठ वळवली, खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली आणि आपली कंबर माझ्या उघड्या तळव्याला लावली.

"काय करताय आजी?"

"मागावर बसून बसून कंबर गेलं माझं. माझं पाय माझ्या पाठीला लागत नाय. तू मारत नाय, तर मीच लावते."

"हा पाय मेलाय आजी."

"तुझ्यासाठी मेलं असंल. पाय कुठं मेलंय?"

बायको वर आली आणि तिने म्हातारीला जिन्यापर्यंत कानडीत पोचवलं. म्हातारी उतरताना ओरडून सांगत होती, बरं वाटलं म्हणून. मला काहीही जाणवलं नव्हतं. तिची कंबर माझ्या पायाला टेकली होती हे मी तिच्या तोंडून ऐकलं, एवढंच.

त्या दिवसानंतर मी बोलेनासा झालो. मनात हिशेब करायचो की धाब्याचा कठडा किती लांब आहे, होडीसकट माणूस लोळत तिथपर्यंत जाऊ शकतो का. हातांनी जाता येईल, असं मी ठरवलं होतं. माझ्यासारख्या बडबड्या माणसाने एवढी मोठी गोष्ट कोणालाही सांगितली नाही, यावरून काय ते समजा. पण बायकोला काही तरी कळलं असावं. एका दुपारी ती उशाशी येऊन बसली आणि म्हणाली,

"घोड्याचं सांगा की."

जन्मभर मला गप बसवणारी बाई.

"घोडा मेला असेल आता," मी म्हणालो.

"बार्शीपतूर गेला हुता न्हवं?"

"कुठे गेला नव्हता. साहेबाने लाथ मारू दिलीच नाही. मला फाटकातूनच हाकललं."

तिने माझ्या तोंडावरचा घाम पुसला. मग भांडी घेऊन खाली गेली.

आणि नंतर त्याच आठवड्यात, दुपारी, सगळी पेठ जेवून पेंगत असताना, मी डोळे मिटून पडलो होतो. बायको खाली भांडी घासत असेल असं मी धरून चाललो होतो. आणि डाव्या पायाशी काही तरी झालं.

मी ओरडलो नाही. इतक्या वेळा फसलो होतो. म्हटलं, मन पुन्हा चेष्टा करतंय, करू दे. पण ते जाईना. पहिल्यांदा नुसती ऊब होती, लांबून कुणी निखारा दाखवावा तशी. मग ओलसर. मग त्या उबेत काही तरी टणक. एक गाठ. तिच्याखाली आणखी एक. खडे असावेत तशा गाठी, सरळ ओळीत, टाचेपासून बोटांपर्यंत. मी श्वास धरून त्या मोजत होतो, चुकत होतो, पुन्हा मोजत होतो. मांजर? मांजराच्या पाठीला एवढ्या मोठ्या गाठी नसतात. त्या गाठी हळूच वर खाली होत होत्या, कुणी दमून श्वास घ्यावा तशा.

ज्याने आयुष्यभर पाठी ओळखल्या, त्याला पाठ ओळखायला किती वेळ लागणार? पण ही पाठ माझ्या ओळखीची नव्हती. मी ओळखायचो ती पाठ भरलेली होती, चोळीत मावत नव्हती. ही नुसती हाडांची माळ होती.

"अगं," मी डोळे न उघडता म्हणालो, "जेवतेस की नाही तू?"

पायाशी हालचाल थांबली.

"मणके लागतायत तुझे."

मग अगदी बारीक आवाज आला, "कुटं लागतायत?"

"तळव्याला. मधला मोठा आहे. आता हललीस तू. हलू नकोस."

ती हलली नाही. उलट तिने पाठ आणखी रेटली माझ्या पायावर, इतकी की हाड दुखलं. मला दुखलं! मी म्हटलं, "दुखतंय." आणि ती तशीच पाठ लावून, तोंड पलीकडे करून, मोठ्याने रडायला लागली. मी विचारलं कधीपासून बसतेस इथे. म्हणाली, सकाळी हंडा चढवताना कमरेत चमक भरली, उभं ऱ्हावंना, तुमी झोपलाव असं वाटलं. मी म्हटलं, म्हणजे तूही मानतेस पाय. तर हुंदक्यातूनच म्हणाली, "सुम्न इर्री!"

दूध, अंडी, तूप, जे काही घरात येत होतं ते माझ्या तोंडात जात होतं. ती उरलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाण्याबरोबर खात होती, तीही कधीमधीच. वर्षभर मी आभाळातल्या घारी बघितल्या आणि हे बघितलं नाही. माझ्या पायाला पहिल्यांदा कळलं ते हे.

आणि मग मला जी भीती वाटली, तशी माझ्या पाठीसाठीही कधी वाटली नव्हती. बारीक झालेली पाठ, चमक, कळ. मला ती वाट माहीत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वर आले. बायकोने सांगितलं, ह्यांच्या पायात जीव आलाय. त्यांनी सुई काढली. मी म्हटलं, "आधी हिला बघा. आणा टाका."

"अहो, तुमचा पाय..."

"पाय कुठे जात नाही. आणा टाका!"

मी इतका ओरडलो की कठड्यावरची मांजरं उडाली. डॉक्टरांनी खिशातून आणा काढून फरशीवर टाकला. बायको आधी लाजली. मग तिने दात आवळले, कमरेतून वाकली, पाठ धनुष्यासारखी वळली, आणा उचलला, "आई गं" म्हणाली आणि उभी राहिली. डॉक्टरांनी तिच्या पाठीवर पेराने ठोकून बघितलं, एकेक मणका. ती कुठेच ओरडली नाही. "साधी उसण आहे," ते म्हणाले. "आणि उपास. त्याला औषध जेवण." मी खाटेवरून म्हटलं, माझ्यासमोर बसून जेवायचं, रोज, दुधासकट. ती आणा पदराच्या गाठीला बांधत होती. डॉक्टर म्हणाले, तो माझा आहे. तिला ऐकू आलं नसावं.

मग त्यांनी माझे डोळे मिटायला लावले. मी पडून राहिलो. थोड्या वेळाने ते म्हणाले, "टोचतंय का?"

"तुम्ही अजून सुई उचललेली नाही," मी म्हणालो.

त्यांनी उचलली.

अजून एक उन्हाळा मी त्या होडीत काढला, मग प्लास्टरचं जाकीट, मग काठी. पाठीला कुबड राहिलं आहे. पावसाळ्यात त्यावर पाणी साठतं असं मी सांगतो, लोक विश्वास ठेवतात. भोंगा झाला की ओट्यावर पाठी पुन्हा येऊ लागल्या. पण आता रीत बदलली आहे. कुणी पाठ करून उभं राहण्याआधी मी ओट्यावर एक आणा टाकतो आणि म्हणतो, उचला. जो कमरेत वाकून उचलतो त्याला लाथ मिळते. जो गुडघ्यांत बसून, मांडीवर हात टेकत उचलतो, त्याच्याकडे मी पाय करत नाही. टांगा बोलावतो, आणि बायको बरोबर जाते. साहेबाचा घोडा हल्ली हैदराबादेत असतो.